बारा नावे, पाच सर्व्हर, साठ विनंत्या

एखादा प्रोग्राम समाजमाध्यमाच्या सर्व्हरकडे एका हॅशटॅगखालच्या पोस्ट मागतो, तेव्हा त्याचा बहुतेक वेळ उत्तराची वाट पाहण्यात जातो. बीदरहून जर्मनीतले फ्रँकफर्ट सुमारे ७,००० किलोमीटर दूर आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे केबल अगदी नाकासमोर सरळ टाकलेली असती, तरी जाऊन-येऊन एका फेरीला ७० मिलिसेकंद लागलेच असते. प्रत्यक्षात केबल समुद्रातून वळसे घेत जाते. शिवाय पहिल्या विनंतीआधी जोडणी करायची एक फेरी आणि ती सुरक्षित करायची आणखी एक फेरी होते. ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे त्या ७० मिलिसेकंदांत एकवीस कोटी ठोके पडून जातात. ओळीने चालणाऱ्या प्रोग्रामच्या दृष्टीने ते सगळे वाया जातात. असिंक्रोनस लायब्ररी, जिला प्रोग्रामर नुसते ‘असिंक’ म्हणतात, हा रिकामा वेळ कामाला लावते.

विनंती एकच असेल, तर असिंकने काहीच साधत नाही. विनंत्या पुष्कळ आणि एकमेकींवर अवलंबून नसलेल्या असतील, तेव्हा तिचा उपयोग कळतो. बीदर आणि कलबुर्गी या सीमेवरच्या जिल्ह्यांविषयी लोक काय लिहितात हे पाहायचे ठरवले, की नेमकी तीच वेळ येते.

कारण इतिहासात आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि हैदराबाद राज्यातला जुना बीदर जिल्हा तीन ठिकाणी वाटला गेला. बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. जहीराबाद आणि नारायणखेड आंध्र प्रदेशात. नकाशावर रेघ पडली, पण घरातल्या भाषा होत्या तिथेच राहिल्या. म्हणून आजही या पट्ट्यातला माणूस आपल्या जिल्ह्याचे नाव देवनागरीत लिहितो, कन्नडमध्ये लिहितो, उर्दूत लिहितो आणि घाईत असला की रोमनमध्ये. देवनागरीतही ‘बीदर’ आणि ‘बिदर’ अशी दोन रूपे चालतात. कलबुर्गीचे त्याहून अवघड. १ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटकातल्या बारा शहरांची नावे बदलली, त्यात गुलबर्ग्याचे कलबुरगी झाले. मराठीत ‘कलबुर्गी’ आणि ‘कलबुरगी’ दोन्ही लिहिले जाते आणि ‘गुलबर्गा’ काही केल्या मागे पडत नाही. २०१९ मध्ये तिथल्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळाले, तेही गुलबर्गा तूरडाळ याच नावाने.

मोजून पाहावे. बीदरची देवनागरीत दोन रूपे, कन्नड, उर्दू आणि रोमन प्रत्येकी एक, अशी पाच. कलबुर्गीची देवनागरीत तीन, रोमनमध्ये जुने आणि नवे मिळून दोन, कन्नड एक, उर्दू एक, अशी सात. एकूण बारा. यातले एकच रूप शोधून ‘सीमाभागात असे बोलले जाते’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे गावातल्या एकाच गल्लीत फिरून गावाचे मत सांगणे होय. बाराही रूपे विचारणे हा इथे कामाचा पायाच आहे.

या विनंत्या स्वीकारणारी सोय म्हणजे एपीआय. माणसासाठी जसे पान असते, तसे प्रोग्रामसाठी एपीआय असते: ठरलेल्या पत्त्यावर, ठरलेल्या पद्धतीने विचारायचे आणि ठरलेल्या साच्यात उत्तर घ्यायचे. उत्तर बहुधा जेसन नावाच्या मजकुराच्या साच्यात येते. त्यात प्रत्येक पोस्टचा क्रमांक, वेळ, भाषा, मजकूर वेगवेगळ्या खणांत असतो. काही माहिती कोणालाही मिळते, काहींसाठी टोकन लागते. टोकन म्हणजे खातेदाराने त्या प्रोग्रामला दिलेली, हवी तेव्हा काढून घेता येणारी परवानगी. पूर्वी प्रोग्रामला थेट पासवर्ड द्यावा लागे. ट्विटरने ही पद्धत ऑगस्ट २०१० मध्ये बंद केली आणि ओऑथ या टोकनपद्धतीची सक्ती केली. आज जवळजवळ सगळीकडे तीच चालते.

उदाहरणासाठी मॅस्टोडॉन घेणे सोयीचे, कारण त्याचा एपीआय खुला आहे आणि त्याचे नियम लिहून ठेवलेले आहेत. ऑयगन रोखको या जर्मनीतल्या प्रोग्रामरने हे माध्यम २०१६ मध्ये सुरू केले. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातले वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद केले गेले, तेव्हा त्याच्या निषेधार्थ भारतातले बरेच लोक मॅस्टोडॉनवर गेले. मॅस्टोडॉन एका कंपनीच्या एका यंत्रणेवर चालत नाही. अनेक स्वतंत्र सर्व्हर एकमेकांशी पोस्टची देवाणघेवाण करतात, आणि प्रत्येक सर्व्हरला फक्त त्याच्यापर्यंत पोचलेल्या पोस्ट ठाऊक असतात. त्यामुळे एका सर्व्हरला विचारून भागत नाही. पाच सर्व्हर निवडले, तर बारा नावे गुणिले पाच, अशा साठ विनंत्या होतात. एका विनंतीत मुख्य हॅशटॅगबरोबर जोडीचे काही हॅशटॅग विचारायची सोय मॅस्टोडॉनमध्ये आहे. पण एका वेळी जास्तीत जास्त ४० पोस्ट मिळतात, आणि त्या चाळिसांत सगळी रूपे एकत्र आली तर जास्त वापरातले रूप कमी वापरातल्याला बाहेर ढकलते. सीमाभागाच्या अभ्यासात कमी वापरातले रूपच बहुतेक वेळा मोलाचे असते.

विनंतीचा पत्ता लिहितानाच लिपीचा पहिला प्रश्न येतो. वेबपत्त्यात देवनागरी अक्षरे जशीच्या तशी जात नाहीत. ‘बीदर’ या शब्दात संगणकाच्या लेखी चार चिन्हे आहेत: ब, दीर्घ ईकाराची मात्रा, द आणि र. प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह आणि दोन अक्षरे अशा तीन खुणांनी लिहिला जातो. म्हणजे चार चिन्हांचा शब्द पत्त्यात छत्तीस खुणांचा होतो. ‘कलबुर्गी’ आठ चिन्हांचा, म्हणून बहात्तर खुणांचा. चांगली लायब्ररी हे रूपांतर आपणहून करते. ते हाताने करू नये, कारण दोनदा झाले तर सर्व्हर भलताच शब्द शोधतो आणि रिकामी यादी पाठवतो. चूक झाल्याचा निरोप येत नसल्याने ती बराच काळ लक्षातही येत नाही.

आता वेळेचा हिशेब. प्रत्येक विनंतीला सरासरी ०.८ सेकंद धरले, तर एकापाठोपाठ एक साठ विनंत्यांना ४८ सेकंद लागतील. एका वेळी दहा चालू ठेवल्या, तर सहा फेऱ्यांत, म्हणजे सुमारे पाच सेकंदांत काम आटोपते. प्रत्येक उत्तराला तेवढाच वेळ लागतो. त्या वेळी बाकीच्या विनंत्याही वाटेवर असतात, एवढाच फरक. चुलीवर तुरीची डाळ शिजत असताना भाकरीचे पीठ मळून होते. डाळ लवकर शिजत नाही, स्वयंपाक मात्र लवकर होतो.

एकाच वेळी अनेक कामे चालवण्याचा जुना मार्ग म्हणजे थ्रेड. प्रत्येक विनंतीसाठी एक थ्रेड काढायचा आणि त्यांची पाळी ठरवायचे काम ऑपरेटिंग सिस्टिमवर सोपवायचे. साठ विनंत्यांसाठी थ्रेडही पुरेसे आहेत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. अडचण हजारांच्या घरात येते. प्रत्येक थ्रेडला स्वतःची स्मृती लागते, आणि कोणता थ्रेड कोणत्या क्षणी थांबवला जाईल हे प्रोग्रामरच्या हातात नसल्याने सामायिक यादीत एकाने लिहिलेले दुसरा पुसण्याची भीती असते. डॅन केगेल यांनी १९९९ मध्ये हा प्रश्न ‘सी-१०-के’ या नावाने मांडला: एका यंत्राने एकाच वेळी दहा हजार जोडण्या कशा सांभाळायच्या? उत्तर असे निघाले की एकाच थ्रेडने सगळ्या जोडण्यांवर नजर ठेवावी आणि जिच्यावर काही आले असेल तिचेच काम करावे. कोणत्या जोडणीवर काही आले आहे हे सांगण्याची सोय लिनक्समध्ये ईपोल या नावाने आली.

समाजमाध्यमे आणि असिंक लायब्ररी यांचे नाते मुळातले आहे. फ्रेंडफीड ही सेवा २००७ मध्ये सुरू झाली. एका माणसाच्या निरनिराळ्या माध्यमांवरच्या नोंदी गोळा करून ती एकत्र दाखवत असे. हजारो जोडण्या उघड्या ठेवाव्या लागत म्हणून तिच्या प्रोग्रामरांनी पायथन भाषेत स्वतःचा असिंक पाया रचला. ऑगस्ट २००९ मध्ये फेसबुकने फ्रेंडफीड विकत घेतले आणि पुढच्याच महिन्यात तो पाया ‘टॉर्नेडो’ या नावाने सर्वांसाठी खुला केला. त्याच वर्षी रायन डाल यांनी जावास्क्रिप्टसाठी नोड-जेएस आणले. पायथनच्या मूळ संचात असिंकआयओ ही लायब्ररी २०१४ मध्ये, ३.४ या आवृत्तीबरोबर आली. तिचा आराखडा भाषेचे जनक गिडो व्हॅन रॉसम यांचा होता. ‘असिंक’ आणि ‘अवेट’ हे दोन शब्द भाषेच्या व्याकरणात २०१५ च्या ३.५ आवृत्तीत दाखल झाले, आणि असा प्रोग्राम वाचायला सोपा झाला.

त्या दोन शब्दांचे काम असे. फंक्शनच्या आधी ‘असिंक’ लिहिले, की ते मध्येच थांबू शकणारे फंक्शन होते. त्याच्या आत जिथे वाट पाहायची आहे तिथे ‘अवेट’ लिहायचे. प्रोग्राम तिथे पोचला, की हे फंक्शन आहे त्या स्थितीत बाजूला ठेवले जाते आणि ताबा इव्हेंट लूपकडे जातो. तयार असलेले दुसरे काम पुढे नेणे हे इव्हेंट लूपचे काम. पहिल्याचे उत्तर आले, की ते थांबल्या जागेवरून पुन्हा सुरू होते. थांबण्याच्या जागा प्रोग्रामरने स्वतः लिहिलेल्या असतात, म्हणून दोन ‘अवेट’च्या मधल्या ओळींत दुसरे कोणी लुडबुड करणार नाही याची खात्री असते.

असिंकआयओ स्वतः वेबवर विचारपूस करत नाही. त्यासाठी एआयओएचटीटीपी किंवा एचटीटीपीएक्स अशी जोड लायब्ररी घ्यावी लागते. एआयओएचटीटीपीमध्ये आधी एक सेशन उघडायचे आणि साठही विनंत्या त्याच सेशनमधून करायच्या. नवशिक्यांचा प्रोग्राम इथेच मंदावतो. प्रत्येक विनंतीसाठी नवे सेशन उघडले, तर जोडणीच्या त्या दोन जास्तीच्या फेऱ्या साठ वेळा कराव्या लागतात. मग साठ कामांची यादी करून ती ‘गॅदर’ या फंक्शनला किंवा, पायथन ३.११ पासून, टास्कग्रुपला द्यायची. दोघांत एक महत्त्वाचा फरक आहे. टास्कग्रुपमध्ये एक काम बिघडले, की बाकीची रद्द होतात. एक सर्व्हर बंद असला तरी उरलेल्या चारांची उत्तरे हवी असतील, तर ‘गॅदर’ला अपवादही उत्तरांतच परत द्यायला सांगावे, किंवा प्रत्येक कामाने आपली चूक स्वतःच पकडावी.

थांबण्याची मुदतही आपण ठरवावी. एआयओएचटीटीपी मुळात पाच मिनिटे वाट पाहते. औराद किंवा आळंद तालुक्यातल्या एखाद्या गावी मोबाइलच्या इंटरनेटवर बसलेल्या विद्यार्थ्याला पाच मिनिटे रिकामा पडदा दिसला, तर तो प्रोग्राम बंदच करील. अशा वेळी पंधरा-वीस सेकंदांची मुदत आणि दोनदा पुन्हा प्रयत्न, हे अधिक शहाणपणाचे.

असिंकमुळे मागणे इतके स्वस्त होते, की सर्व्हरवर गर्दी करणेही तितकेच सोपे होते. मॅस्टोडॉनचे कितीतरी सर्व्हर स्वयंसेवक वर्गणीवर चालवतात. त्यांच्यावर एका क्षणी शेकडो विनंत्या टाकणे हा सरळ अन्याय आहे. म्हणून प्रोग्राममध्ये सेमाफोर ठेवतात. ती एक मोजणी असते: दहा कामे आत असतील, तर अकराव्याने कोणी बाहेर येईपर्यंत थांबायचे. दहांपैकी एका सर्व्हरकडे दोनच विनंत्या जाव्यात यासाठी प्रत्येक सर्व्हरचा वेगळा सेमाफोर ठेवणे आणखी चांगले. पाच सर्व्हर आणि प्रत्येकी दोन, म्हणजे हिशेब दहाचाच राहतो.

सर्व्हरचीही स्वतःची मर्यादा असते. मॅस्टोडॉन एका खात्याला पाच मिनिटांत ३०० विनंत्या करू देते. किती उरल्या आणि मोजणी पुन्हा शून्यापासून कधी सुरू होणार, हे प्रत्येक उत्तराच्या शीर्षभागात लिहिलेले असते. प्रोग्रामने ते वाचावे. मर्यादा ओलांडली, की ४२९ या क्रमांकाचे उत्तर येते. २०१२ पासून वेबच्या नियमांत या क्रमांकाचा अर्थ ‘विनंत्या फार झाल्या’ असा ठरलेला आहे. त्यावर लगेच पुन्हा मागणे चूक. आधी थोडे थांबावे, पुन्हा नकार आला तर दुप्पट, मग चौपट, आणि त्यात थोडा अनियमितपणा मिसळावा. नाहीतर अडलेली दहाही कामे एकाच क्षणी पुन्हा दारात उभी राहतात. थांबायचे तेही असिंकच्या रीतीने. पायथनचे नेहमीचे ‘स्लीप’ वापरले, तर इव्हेंट लूपच झोपतो आणि त्याच्याबरोबर सगळी कामे. असिंकआयओचे ‘स्लीप’ फक्त त्या एका कामाला थांबवते. असिंक फंक्शनच्या आत ‘रिक्वेस्ट्स’ ही जुनी लोकप्रिय लायब्ररी बोलावली तरी हेच होते. प्रोग्राम चालतो, उत्तरेही बरोबर येतात, पण वेळ पूर्वीइतकाच लागतो, आणि का ते कळत नाही.

चाळिसांहून जास्त पोस्ट हव्या असल्या, तर पाने उलटावी लागतात. मिळालेल्या शेवटच्या पोस्टचा क्रमांक पुढच्या विनंतीत द्यायचा आणि त्याहून जुन्या मागायच्या. पुढचे पान आधीच्या पानावर अवलंबून असल्याने एका नावाची पाने क्रमानेच येणार; असिंकचा फायदा नावानावांत आणि सर्व्हरासर्व्हरांत मिळतो. नव्या पोस्ट येतील तशा हव्या असतील, तर टोकन घेऊन स्ट्रीमिंगची जोडणी उघडी ठेवता येते. ती तासन्‌तास गप्प असते. एकाच थ्रेडवर अशा बारा-पंधरा गप्प जोडण्या सांभाळणे हे असिंकचे सगळ्यात स्वाभाविक काम म्हणता येईल.

उत्तरे हाती आली, की असिंकचे काम संपते आणि भाषेचे सुरू होते. आधी दुहेरी पोस्ट काढायच्या. एकच पोस्ट पाच सर्व्हरांवर पाच वेगळ्या क्रमांकांनी नोंदलेली असते. सगळीकडे सारखी असते ती तिची ‘यूआरआय’ ही ओळख. क्रमांकावरून मोजले, तर एका माणसाचे मत पाच माणसांचे होते.

मग शब्द वेगळे करायचे. पायथनच्या नेहमीच्या रेगेक्स साधनाला ‘शब्दातली अक्षरे शोध’ असे सांगितले, तर ते मात्रेला अक्षर मानत नाही. ‘बीदर’चे ‘ब’ आणि ‘दर’ असे दोन तुकडे पडतात, आणि बाजारभाव शोधणाऱ्याच्या यादीत ‘दर’ हा शब्द उगीच वाढत राहतो. ‘रेगेक्स’ याच नावाची स्वतंत्र लायब्ररी मात्रा नीट सांभाळते. दुसरी अडचण ‘शेतकऱ्यांना’ या शब्दाची. त्यातला अर्धा र काही कीबोर्ड ऱ या वेगळ्या चिन्हाने लिहितात, काही साध्या र ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ते दोन शब्द वाटतात, आणि युनिकोडचे प्रमाणीकरणही त्यांना एक करत नाही. तो नियम स्वतः लिहावा लागतो. उर्दूतही हेच घडते. अरबी ‘ये’ आणि उर्दू ‘ये’ यांचे क्रमांक वेगळे आहेत, पण शब्दाच्या मध्ये दोघे अगदी सारखे दिसतात, आणि बीदरच्या उर्दू स्पेलिंगमध्ये ‘ये’ नेमका मध्येच येतो.

शेवटी स्थळांची गल्लत. बसवकल्याणला आसपासचे लोक नुसते ‘कल्याण’ म्हणतात, पण त्या हॅशटॅगखाली ठाणे जिल्ह्यातल्या लोकलच्या तक्रारी येतात. अफजलपूर तालुक्यातले दत्तक्षेत्र गाणगापूर रोमनमध्ये कधी कधी ‘गंगापूर’सारखे लिहिले जाते, आणि गंगापूर नावाचा तालुका छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहे. आळंद शोधताना आळंदी येते. असा निवाडा कोणतीही लायब्ररी करत नाही. त्यासाठी तो भाग ठाऊक असलेला माणूस लागतो. कलबुर्गीच्या पीडीए अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या, बीदरच्या गुरू नानक देव अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या किंवा आळंद तालुक्यातच असलेल्या कर्नाटक केंद्रीय विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना या कामात पुण्या-बंगळुरूच्या विद्यार्थ्यांपेक्षा जास्त गती असणार, ती यामुळेच.

इतर माध्यमांसाठीही असिंक लायब्ररी तयार आहेत: ट्विटरसाठी (आताच्या एक्ससाठी) ट्वीपीमध्ये असिंक क्लायंट, रेडिटसाठी असिंक-प्रॉ, डिस्कॉर्डसाठी डिस्कॉर्ड-पीवाय, टेलिग्रामसाठी टेलिथॉन. पण लायब्ररी असली म्हणून दार उघडे असतेच असे नाही. फेसबुकने सार्वजनिक पोस्ट शोधण्याची सोय २०१५ मध्ये काढून घेतली. ट्विटरने फुकट एपीआय २०२३ च्या सुरुवातीला आवरता घेतला आणि रेडिटने त्याच वर्षी जुलैपासून मोठ्या वापराला दर लावले. इन्स्टाग्रामवर व्यावसायिक खात्याला सात दिवसांत ३० वेगवेगळे हॅशटॅग शोधता येतात. आपली बारा नावे त्यात बसतात, मात्र आधी कंपनीची मंजुरी घ्यावी लागते. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांतले बोलणे खासगीच असते आणि तसेच राहावे. त्यामुळे मॅस्टोडॉनवर जे सापडेल ते तिथे लिहिणाऱ्या थोड्या लोकांचे असेल. त्यावरून जिल्ह्याचे मत ठरवता येत नाही. शब्दांची रूपे, लिप्यांची सरमिसळ, कोणत्या विषयाला कोणती भाषा वापरली जाते, एवढे मात्र त्यातून खात्रीने दिसते.

सार्वजनिक पोस्ट गोळा करतानाही जबाबदारी सुटत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेला वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा माणसाने स्वतः जाहीर केलेल्या माहितीला लागू होत नाही. तरीही सीमाप्रश्नासारख्या विषयावर कोणी काय लिहिले याची नावानिशी यादी करणे त्या माणसाला धोक्यात टाकू शकते. अभ्यासाला नावे लागत नाहीत. ती उतरवून घेतानाच गाळावीत. लिहिणाऱ्याने पोस्ट काढून टाकली, तर आपल्या साठ्यातूनही ती जावी. त्यासाठी साठवलेल्या प्रत्येक पोस्टच्या मूळ सर्व्हरला अधूनमधून विचारावे लागते: ही पोस्ट अजून आहे का? या विनंत्याही एकमेकींवर अवलंबून नसतात, म्हणून त्याच सेशनमधून आणि त्याच सेमाफोरच्या धाकात पाठवता येतात. ४०४ किंवा ४१० असे उत्तर आले, की ती नोंद पुसायची.